अफू, कायदा आणि बालकाची वेदना : महाराष्ट्रातील वेदनाशमनाच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

'वेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. 'वेद', 'विद्या' आणि 'वेदना' ही एकाच कुळातील भावंडे होत. ज्याला वेदना होते, तो ती जाणतो; पण इतरांनी ती कशी जाणावी, हा प्रश्न शब्दाच्या व्युत्पत्तीने सुटत नाही. प्रौढ माणूस आपले दुखणे सांगू शकतो. मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही. कळ, ठणका, सणक, चमक, शूळ, मुरडा, हुळहूळ, आग या प्रत्येक शब्दाने दुखण्याची वेगळी जात सांगता येते. तान्ह्या बालकाजवळ मात्र यांपैकी एकही शब्द नसतो. त्याच्याजवळ रडणे असते, आणि रडण्याचा अर्थ लावणे हे पूर्णपणे मोठ्यांच्या हाती असते. बालकाच्या वेदनेचा इतिहास हा म्हणूनच मोठ्यांनी लावलेल्या अर्थांचा इतिहास आहे.

प्रस्तुत निबंधात महाराष्ट्राच्या संदर्भात या इतिहासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. वेदनाशमनाचे सर्वांत जुने व प्रभावी साधन म्हणजे अफू आणि तिच्यापासून मिळणारे मॉर्फिन. त्यामुळे हा इतिहास एका बाजूला वैद्यकाचा, तर दुसऱ्या बाजूला व्यापाराचा, करांचा आणि फौजदारी कायद्याचाही इतिहास ठरतो. गेल्या चाळीस वर्षांत या क्षेत्रात जे बदल झाले, ते तीन मार्गांनी झाले : कायदा व धोरण बदलण्यासाठी केलेली लोकहितार्थ मांडणी, वैद्यकीय शिक्षण आणि बालकांवर केंद्रित झालेले संशोधन. या तिन्ही मार्गांचा परस्परसंबंध तपासणे हा निबंधाचा मुख्य उद्देश आहे. यांपैकी कोणताही एक मार्ग एकटा पुरेसा ठरलेला नाही, असे येथे मांडावयाचे आहे.

प्रस्तुत लेखक रावेत परिसरात इतिहासाचे अध्यापन करतो. १९९७ साली रावेत हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याच वर्षी, रावेतवरून जाणाऱ्या मुंबई-बंगळूर बाह्यवळण महामार्गालगत पुण्याच्या वारजे येथे सिप्लाचे उपशामक शुश्रूषा व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आणि त्याच १९९७ मध्ये भारतातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर अवघ्या १८ किलोग्रॅमपर्यंत, म्हणजे नीचांकावर, आला. या तीन घटनांचा एकमेकींशी थेट कार्यकारणसंबंध नाही. तथापि एक गाव नगराचा भाग होते, एक संस्था वेदनाशमनासाठी उभी राहते आणि त्याच वेळी संपूर्ण देशात वेदनाशमनाचे मुख्य औषध जवळजवळ नाहीसे होते, हा योग इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारा आहे.

अफूचा पैसा आणि रुग्णालयांच्या इमारती

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे. या व्यापारातून मुंबईत मोठे भांडवल उभे राहिले. सर जमशेटजी जीजीभाई हे या व्यापारातील अग्रगण्य नाव. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय आणि त्याला जोडलेले ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. पुण्यातील ससून रुग्णालय १८६७ चे. ते ज्यांच्या देणगीतून उभे राहिले त्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याच्या व्यापारातही अफूला मोठे स्थान होते. पश्चिम भारतातील आधुनिक वैद्यकाच्या या दोन प्रमुख वास्तूंच्या पायात अफूचा पैसा आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

याच सुमारास जगात शस्त्रक्रियेची वेदना थांबविण्याचा शोध लागला. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि मार्च १८४७ मध्ये कलकत्त्यात ईथर वापरले गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरा येथे सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर प्रसिद्ध केला. क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी पुढे जो वाद झाला, त्याचा निर्णय करण्यासाठी १८८८ व १८८९ मध्ये निजामाच्या हैदराबादेत दोन आयोग बसले. तेथेच शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी महिलेची गणना जगातील आद्य स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये होते. सांगावयाचे एवढेच की, वेदनाशमनाचे ज्ञान आपल्याकडे उशिरा पोहोचले नाही. ते काही महिन्यांत पोहोचले. उशीर झाला तो ते कोणाच्या वाट्याला यावे हे ठरविण्यात.

गिरणगावातील बाळगोळी

अफूचा दुसरा इतिहास रुग्णालयात नव्हे, तर चाळीत घडला. मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२०च्या दशकात कामगारांपैकी सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या स्त्रियांना दहा-दहा तास पाळी करावी लागे. तान्ह्या मुलाला सांभाळण्यास घरी कोणी नसे. अशा वेळी बाळाला अफू मिसळलेली लहानशी गोळी दिली जाई. तिला 'बाळगोळी' म्हणत. येथे बाळगोळी आणि बाळगुटी यांत गल्लत होऊ नये. बाळगुटी म्हणजे मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ यांसारख्या वस्तू सहाणेवर उगाळून दिले जाणारे चाटण. बाळगोळीचे काम मात्र मुलाला गुंगवून निपचित ठेवणे हे होते.

मुंबई सरकारसाठी डॉ. बार्न्स या स्त्री वैद्यकाने १९२०च्या दशकाच्या आरंभी गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिकाळातील स्थितीची पाहणी केली. तीत ही प्रथा अपवादात्मक नसून कामगार वस्तीत जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे दिसून आले. भारतातील कामगारांच्या स्थितीविषयी नेमलेल्या शाही आयोगाच्या १९३१ च्या अहवालातही या प्रथेची दखल आहे. तत्कालीन सुशिक्षितांनी यावर जी टीका केली, तिचा सूर बहुधा आईच्या अज्ञानाला दोष देणारा होता. परंतु परिस्थितीकडे नीट पाहिले असता प्रश्न अज्ञानाचा कमी आणि पाळणाघराचा अधिक होता. भूक, उकाडा, आजार, एकटेपणा यांपैकी कशाने मूल रडते आहे हे पाहण्यास आईला वेळ नव्हता. तो वेळ गिरणीने विकत घेतला होता.

या प्रश्नाचे उत्तर शेवटी औषधाने नव्हे, तर कायद्याने आणि संघटनेने दिले. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले, ते संमत झाले नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये अशाच विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केले आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यात पाळणाघर ठेवणे बंधनकारक झाले. बालकाच्या शरीराशी निगडित प्रश्न सार्वजनिक धोरणाचा विषय कसा होतो, याचे हे महाराष्ट्रातील एक प्रारंभीचे उदाहरण मानता येईल.

१९८५ : एकाच वर्षातील दोन घटना

यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने चित्र उलटे झाले. पूर्वी निरोगी मुलाला नको तेथे अफू दिली जात होती. आता दुखणाऱ्या मुलाला हवे तेथे मॉर्फिन मिळेनासे झाले.

अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच एन.डी.पी.एस. कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अंमलात आला. तो दिवस बालदिनाचा होता, हा निव्वळ योगायोग. मादक द्रव्यांची तस्करी रोखणे हा या कायद्याचा हेतू होता आणि तो रास्तच होता. वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाला कायद्याने मनाई केलेली नव्हती. परंतु किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद, नोंदवहीतील लहानशा चुकीतूनही गुन्हा दाखल होण्याची भीती आणि बाळगणे, वाहतूक, आयात, निर्यात यांसाठी राज्याराज्यांत लागणारे वेगवेगळे परवाने यांमुळे रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. हे सर्व परवाने एकाच वेळी वैध असावे लागत. एकाची मुदत मिळेपर्यंत दुसऱ्याची संपे. परिणामी १९८५ ते १९९७ या काळात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि जेथून वैद्यकीय उपयोगाची अफू परदेशी पाठविली जाते, त्या देशातील कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले. 'धरणाशेजारी राहून घसा कोरडा' अशी ही अवस्था होती.

याच १९८५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे अपुऱ्या दिवसांच्या एका बालकावर हृदयाजवळील रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झाली. बालकाला हालचाल थांबविणारे औषध दिले होते. वेदना थांबविणारे दिले नव्हते. ते मूल काही आठवड्यांनी दगावले. आईने कागदपत्रे मागितली तेव्हा तिला ही गोष्ट कळली. इतक्या लहान बालकाला वेदना होत असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे उत्तर तिला मिळाले. तिने गप्प न राहता हा प्रश्न वृत्तपत्रांतून लोकांपुढे नेला.

हे उत्तर त्या एका रुग्णालयाचे नव्हते. ते त्या काळच्या वैद्यकाचे सर्वसाधारण मत होते. नवजात बालकाच्या मज्जातंतूंवरील आवरण पूर्ण झालेले नसते, त्याचे हातपाय हलणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असते, आणि भुलेची औषधे त्याच्या नाजूक देहाला धोकादायक असतात, अशी त्यामागील कारणमीमांसा होती. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मर्टल मॅकग्रॉ यांच्या टाचणीच्या प्रयोगांचा आधारही यासाठी घेतला जाई. यांपैकी शेवटची भीती अगदीच निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे. त्या काळची भूल बालकांसाठी खरोखर जोखमीची होती. दोष भीतीत नव्हता. भीतीचे रूपांतर 'त्याला दुखतच नाही' या सोयीस्कर सिद्धांतात झाले, तेथे होता.

इंदूरचा विद्यार्थी आणि बालवेदनेचे संशोधन

हा सिद्धांत मोडून काढण्यात ज्यांचा वाटा मोठा आहे, ते डॉ. कंवलजीत सिंग आनंद हे होळकरांच्या इंदूरमधील महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे ते ऑक्सफर्ड येथे संशोधनासाठी गेले. शस्त्रक्रियेहून परतणाऱ्या नवजात बालकांची अवस्था इतकी खालावलेली का असते, या साध्या प्रश्नापासून त्यांचे काम सुरू झाले. १९८७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या दोन गटांची तुलना होती. एका गटाला शस्त्रक्रियेच्या वेळी नेहमीच्या वायूबरोबर फेंटानिल हे अफूवर्गीय वेदनाशामक दिले गेले, दुसऱ्याला दिले गेले नाही. ज्यांना औषध मिळाले, त्यांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके कमी वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही कमी झाले. म्हणजे वेदनाशमन ही केवळ दयेची बाब नसून जगण्या-वाचण्याची बाब आहे, हे रक्ताच्या चाचणीने दिसून आले. जे बालक बोलू शकत नव्हते, त्याची साक्ष त्याच्या रक्ताने दिली.

पुढील दोन दशकांत बालकाची वेदना मोजण्याची साधने तयार झाली. बोलता येणाऱ्या मुलासाठी हसऱ्या चेहऱ्यापासून रडव्या चेहऱ्यापर्यंतच्या चित्रांची पट्टी आली. न बोलणाऱ्या मुलासाठी १९९७ मध्ये चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांतवता येणे या पाच गोष्टींना गुण देणारी पद्धत प्रसिद्ध झाली. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २००५-०६ हे वर्ष बालकांच्या वेदनेसाठी दिले. याच संघटनेने २०२० मध्ये वेदनेची सुधारित व्याख्या स्वीकारताना, बोलून सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, हे स्पष्टपणे नोंदविले.

या संशोधनातील काही निष्कर्ष आपल्या घरगुती व्यवहाराशी जुळणारे आहेत. बाळाचे कान टोचताना त्याच्या तोंडात गुळाचा खडा किंवा साखरेचा कण ठेवण्याची पद्धत अनेक मराठी घरांत आहे. नवजात बालकाला टोचण्यापूर्वी साखरेचे गोड द्रावण दिल्यास त्याच्या वेदनेची लक्षणे कमी होतात, हे गेल्या शतकाच्या अखेरीपासून अनेक चाचण्यांत तपासले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०१५ मध्ये लसीकरणाच्या वेळची वेदना कमी करण्याविषयी भूमिका प्रसिद्ध केली. बाळाला आईने जवळ धरावे, शक्य असल्यास टोचण्यापूर्वी किंवा टोचताना अंगावर पाजावे, आणि एकाहून अधिक लसी असल्यास अधिक दुखणारी शेवटी द्यावी, अशा तीतील सूचना आहेत. यांना पैसा लागत नाही. तरीही लसीकरणाच्या रांगेत 'बाळ आहे, रडणारच' हे वाक्य ऐकले नाही असा पालक विरळा. प्रस्तुत लेखकानेही ते ऐकले आहे आणि त्या वेळी त्याला ते खटकले नव्हते, ही कबुली येथे दिली पाहिजे. परंपरेत जे आहे ते सर्वच सिद्ध होते असे नाही. बाळगोळीही परंपराच होती. गुळाचा खडा टिकला आणि अफूची गोळी गेली, हा निवाडा परीक्षेने झाला, जुनेपणाने नव्हे.

मुंबई, पुणे आणि जव्हार : संस्थात्मक प्रयत्न

भारतातील वेदनाशमनाच्या संस्थात्मक इतिहासात महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. कर्करोग शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे स्थापन केलेला शांती अवेदना आश्रम हे भारतातील पहिले अंत्यसेवागृह मानले जाते. पुढे गोवा व दिल्ली येथेही त्याचे काम सुरू झाले. त्याच १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि पायरीपायरीने, हे तिचे सार. परंतु वरच्या पायरीवरचे औषध, म्हणजे मॉर्फिन, आपल्याकडे नेमके त्याच सुमारास दुर्मिळ होत होते.

१९९३ मध्ये कोझिकोड येथे वेदना व उपशामक शुश्रूषेची संस्था सुरू झाली आणि १९९४ मध्ये भारतीय उपशामक शुश्रूषा संघटना स्थापन झाली. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकसहभागावर भर दिला. महाराष्ट्रात मात्र काम मुख्यतः संस्थांच्या आधारे झाले. टाटा स्मारक रुग्णालय, शांती अवेदना आश्रम आणि वारजे येथील केंद्र ही त्याची उदाहरणे होत. वारजे येथील केंद्रात सेवा विनामूल्य दिली जाते आणि रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही शुश्रूषा शिकविली जाते.

बालकांच्या दृष्टीने २०१० हे वर्ष उल्लेखनीय आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. मेरी ॲन मुकादन यांच्या पुढाकाराने, भारतीय उपशामक शुश्रूषा संघटना व परदेशी संस्थांच्या साह्याने, महाराष्ट्रात बाल उपशामक शुश्रूषा प्रकल्प सुरू झाला. त्यात महानगरातील रुग्णालयाबरोबरच आदिवासी भागातील जव्हारचाही समावेश होता, ही त्याची विशेष बाब. वेदना केवळ कर्करोगात असते हा समज त्यामुळे मोडण्यास मदत झाली. एच.आय.व्ही., मेंदूचे जन्मजात विकार, स्नायूंचे आजार, रक्ताचे विकार अशा अनेक व्याधींत मूल वर्षानुवर्षे दुखणे सोसते. फेब्रुवारी २०१४ मध्ये बालकांच्या उपशामक शुश्रूषेविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली आणि तेथे मुंबई जाहीरनामा प्रसिद्ध झाला.

रक्तविकारांतील एका व्याधीचा येथे स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. सिकलसेल हा आनुवंशिक आजार नंदुरबार, गडचिरोली तसेच विदर्भातील अनेक जिल्ह्यांत आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या अडतात आणि हाडे, सांधे, पोट यांत असह्य कळा येतात. हे झटके बालपणापासूनच सुरू होतात. लहान मुलांत हातापायांना सूज येऊन दुखणे हे बहुधा पहिले लक्षण असते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील व नंतर हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळातील डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागात या आजाराचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तीत तपासणीवर मोठा भर आहे आणि तो योग्यच आहे. मात्र तपासणीचे कार्ड हाती आलेल्या मुलाला मध्यरात्री कळ आल्यावर जवळच्या आरोग्य केंद्रात काय मिळते, हा प्रश्न तपासणीने सुटत नाही.

कायद्यातील दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

कायदा बदलण्याचा प्रयत्न सोळा-सतरा वर्षे चालला. १९९८ मध्ये केंद्राच्या महसूल विभागाने राज्यांना परवान्याचे नियम सोपे करण्याविषयी नमुना नियम पाठविले. काही राज्यांनी ते स्वीकारले, अनेकांनी नाही. २००१ च्या दुरुस्तीने द्रव्याच्या प्रमाणानुसार शिक्षेची श्रेणी ठरविली. २००७ मध्ये भारतीय उपशामक शुश्रूषा संघटनेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २००९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने भारतातील परिस्थितीवर सविस्तर अहवाल काढला आणि उपचाराने टाळता येणारी वेदना न टाळणे हा मानवी हक्कांचा प्रश्न असल्याचे मांडले. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती संमत केली. मुंबईतील परिषद आणि ही दुरुस्ती एकाच महिन्यातील. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना 'अत्यावश्यक अमली औषधे' असा दर्जा मिळाला. अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरली. वैद्यकीय उपयोगासाठी उपलब्धता हेही शासनाचे कर्तव्य आहे, हे कायद्याच्या शब्दांत आले.

तथापि कायदा बदलला म्हणून व्यवहार बदलला असे झाले नाही. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, भारतात गरजेच्या केवळ सुमारे ४ टक्के इतकेच अफूवर्गीय वेदनाशामक उपलब्ध होत होते. याचे कारण शिक्षणात शोधावे लागते. १९८५ नंतर वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या जवळजवळ दोन पिढ्यांनी तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन कधी हाताळलेच नव्हते. ज्यांनी ते पाहिले नाही, त्यांनी ते शिकविले नाही. भीती अशा रीतीने अभ्यासक्रमाबाहेर राहून अभ्यासक्रमासारखी पिढ्यान्‌पिढ्या पोहोचली.

शिक्षणाच्या बाजूने सुधारणा झाल्या आहेत. २०१० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने उपशामक वैद्यक या विषयाला पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता दिली आणि २०१२ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात तो अभ्यासक्रम सुरू झाला. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात भूलशास्त्राच्या अंतर्गत वेदनाव्यवस्थापन हा घटक आला. परंतु बालकाच्या वेदनेपाशी बहुतेक वेळा डॉक्टर नव्हे, तर परिचारिका, आशा कार्यकर्ती किंवा आई असते. त्यांच्यापर्यंत हे ज्ञान मराठीत, त्यांच्या शब्दांत पोहोचणे अजून बरेच बाकी आहे. चेहऱ्यांची पट्टी भाषांतरित करणे सोपे आहे. 'ठणका' आणि 'सणक' यांतील फरक सांगणाऱ्या आईचे ऐकून घेणे हे प्रशिक्षणाचे काम आहे.

सावधगिरीचा मुद्दा

येथे एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अफूवर्गीय औषधांची बेसुमार विक्री झाली आणि त्यातून व्यसन व मृत्यू यांची मोठी साथ उद्भवली. जागतिक आरोग्य संघटनेने बालकांच्या वेदनेविषयीची २०१२ ची आपली मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये मागे घेतली. औषध कंपन्यांच्या प्रभावाबाबत उपस्थित झालेले प्रश्न त्यामागे होते. बालकांच्या दीर्घकालीन वेदनेविषयी २०२० मध्ये नवी तत्त्वे प्रसिद्ध झाली. तेव्हा वेदनाशमनाचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा इतिहास विसरून चालणार नाही. परंतु त्यावरून 'आपल्याकडे मॉर्फिन नाही ते बरेच आहे' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. महापूर आलेल्या गावाचा अनुभव दुष्काळी गावाला पाणी नाकारण्यासाठी वापरता येत नाही. योग्य निदान, वजनानुसार मात्रा, नोंद आणि देखरेख या चार गोष्टींनीच दोन्ही टोके टाळता येतात.

समारोप

महाराष्ट्रातील बालक आणि अफू यांच्या संबंधाची दोन टोके या निबंधात पाहिली. एका टोकाला गिरणगावातील निरोगी मूल आहे, ज्याला गप्प बसविण्यासाठी अफू दिली गेली. दुसऱ्या टोकाला रुग्णालयातील दुखणारे मूल आहे, ज्याला ती नाकारली गेली. ही दोन टोके परस्परविरुद्ध दिसत असली, तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दोन्ही ठिकाणी मुलाचे रडणे ही माहिती मानली गेली नाही. ती अडचण मानली गेली.

तीन मार्गांविषयीचा निष्कर्षही यातून स्पष्ट होतो. १९८७ च्या संशोधनाने बालकाची वेदना सिद्ध केली, पण आपल्याकडे औषधच नव्हते. १९९८ चे नमुना नियम आले, पण राज्यांनी व रुग्णालयांनी ते अंगीकारावे असा रेटा नव्हता. २०१४ मध्ये कायदा बदलला, पण औषध लिहिण्याचा आत्मविश्वास असलेले डॉक्टर पुरेसे नव्हते. संशोधन, लोकहितार्थ मांडणी आणि शिक्षण हे तीन पाय एकाच तिवईचे आहेत.

महाविद्यालयीन अध्यापकांना यात करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. इतिहास विभागांना गिरणगावातून पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरात आलेल्या कुटुंबांतील वृद्ध स्त्रियांच्या बाळगोळीविषयीच्या आठवणी नोंदविता येतील. ही साक्ष देणारी पिढी आता फार थोडी उरली आहे. मराठी विभागांना वेदनेच्या बोलीतील शब्दांचा कोश करता येईल, जो परिचारिकांच्या उपयोगी पडेल. समाजशास्त्र विभागांना या पट्ट्यातील बांधकाम व कंत्राटी कामगार स्त्रियांची मुले दिवसभर कोठे असतात, याची पाहणी करता येईल. १९२०च्या दशकात विचारलेला तो प्रश्न पाळणाघराच्या कायद्यानंतरही संपलेला नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना लसीकरणाच्या दिवशी मातांना एवढे सांगता येईल की, बाळाला पाळण्यात नव्हे, कुशीत घेऊन टोचून घ्या.

रावेत ते वारजे हे अंतर महामार्गाने अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. त्या रस्त्यावरून रोज हजारो वाहने जातात आणि त्यांतील फारच थोड्यांना त्या केंद्राचा पत्ता ठाऊक असतो. ज्ञान आणि गरज यांच्यातील अंतर बहुतेक वेळा असेच असते. ते मैलांत मोजता येत नाही.